वाई ते मेणवली चालत: व्हीलचेअर, बदललेले गुडघे आणि कमी दिसणारा भाचा. रस्ता आधी तपासायचा कसा?

कृष्णाकाठची (वाई)

आमचा रविवारी चालणाऱ्यांचा गट आहे. थंडीत एखाद्या रविवारी वाईहून मेणवलीला चालत जायचं, नाना फडणवीसांचा वाडा बघायचा, घाटावर बसून भडंग खायचं आणि वडापनं (माणशी भाड्याच्या जीपनं) परत यायचं, असा रिवाज. अंतर तीनेक किलोमीटर, त्यामुळे तयारी अशी कधी लागलीच नाही.

यंदा कृष्णामाईच्या उत्सवाला घरची मंडळी येणार आहेत. मोठे दीर अपघातानंतर व्हीलचेअरवर आहेत. मावशीचे दोन्ही गुडघे बदललेत. ती चालते, पण थांबत थांबत. भाच्याला रेटिनायटिस पिग्मेंटोसा आहे, समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. तिघांनाही यायचंय. "तुम्ही जा, आम्ही गाडीनं येतो" हे दिरांनी ऐकूनच घेतलं नाही.

गटात विचारलं तर सगळ्यांचं एकच, "रस्ता सरळ आहे गं, काय त्यात!" मला तेवढ्यावर निघायचं नाही. आधी एकदा जाऊन नीट बघून यायचंय. पण बघायचं काय? जवळ मोजपट्टी आहे, फोन आहे. एखादा तयार फॉर्म असतो का? शेतातून जाणारी पाणंद धरावी की डांबरी रस्ताच बरा? जे निघेल ते लिहून वाचनालयाच्या फळ्यावर लावायचाही विचार आहे.

---

तीनचाकी सांगलीकर

ताई, आधी माझं सांगतो, म्हणजे सल्ला कुठून येतोय ते कळेल. लहानपणी डाव्या पायाला पोलिओ. कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) आणि कुबडीवर नोकरी केली, तीही रस्त्यांचीच: लेव्हल, नकाशे, अंदाजपत्रकं. निवृत्तीनंतर कुबडी घरापुरती, बाहेर हातानं फिरवायची तीनचाकी. सांगलीहून हरिपूरला जायचं, संगमेश्वराला बाहेरूनच हात जोडायचे आणि माघारी यायचं, हा माझा फिरायचा रस्ता.

"रस्ता सरळ आहे" असं सांगणारा माणूस खोटं बोलत नाही, पण त्याच्या साक्षीचा उपयोग नाही. त्याचे पाय खड्डा चुकवतात तेव्हा त्याचा त्यालाही पत्ता नसतो.

मी कुठलाही रस्ता बघतो तो एका प्रश्नानं. समोरून उसाची डबल ट्रॉली आली, तर मी कुठं जाणार?

चालणारा माणूस अशा वेळी एक पाऊल खाली उतरतो, साइडपट्टीवर. आपल्याकडं डांबराचे थर वर्षानुवर्षं एकावर एक चढत जातात आणि बाजूचा मुरूम पावसानं धुऊन खाली बसतो. मग डांबराची कड उघडी पडते. तिथं फूटपट्टी उभी धरा आणि मोजा. कुठं दोन बोटं असेल, कुठं वीतभर. खुर्चीची पुढची चाकं लहान असतात. चार बोटांची कडसुद्धा उतरताना पुढचं चाक आधी खाली जातं, खुर्ची तिरकी होते आणि माणूस पुढं किंवा बाजूला कलंडतो. म्हणजे ज्या रस्त्यावर तुमचा गट सहज बाजूला होतो, तिथं दिरांना बाजूला व्हायला जागाच नाही. ट्रॉलीवाला काही करत नाही बिचारा. मागं वीस-पंचवीस टन ओढत असतो, त्याला चटकन थांबता येत नाही.

म्हणून पहिलं काम हे करा. रस्त्याला लागून जिथं जिथं सपाट उतरता येईल अशी जागा आहे (शेतात शिरायचा रस्ता, एसटीचा थांबा, देवळासमोरचं अंगण), ती प्रत्येक जागा फोनवर खूण करून ठेवा आणि दोन जागांमधलं अंतर लिहा. एकूण तीन किलोमीटर या आकड्यापेक्षा हे अंतर कामाचं. दोन जागांमध्ये शंभर मीटर असेल तर पुढं बघून, थांबून जाता येतं. सहाशे असेल तर तो तुकडा माणूस सोबत पुढं पाठवून, गाड्या अडवूनच काढायचा.

दुसरं काम चढाचं. फोनमध्ये लेव्हल असते, पण डांबर खडबडीत, आकडा नाचतो. गवंड्याकडून १.२ मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी आणि पाणसळ मागून न्या. पट्टी चढाच्या दिशेनं रस्त्यावर ठेवा, खालचं टोक उचलून बुडबुडा मध्ये आणा आणि त्या टोकाखालची फट मोजा. ६ सेंटीमीटर म्हणजे २० ला १ (वीस पुढं गेलं की एक वर), हा आरामाचा चढ. १० सेंटीमीटर म्हणजे १२ ला १. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत रॅम्पला याच्यापेक्षा उभा चढ चालत नाही, आणि त्यातही ९ मीटरनंतर सपाट विसावा द्यावा लागतो. त्यापुढं फट गेली की मागून ढकलणारा हवा, आणि उतरताना मागं धरणारा हवा. उतार हा प्रकार लोक विसरतात. चढताना दमछाक होते, पण हात भाजतात ते उतरताना, चाकाची कडी रोखून.

तीच पट्टी मग रस्त्याला आडवी ठेवा. हे कुणी करत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. पाणी निघून जावं म्हणून डांबरी रस्त्याला मध्यापासून दोन्ही कडांना दोन ते अडीच टक्के उतार दिलेला असतो, १.२ मीटरला साधारण ३ सेंटीमीटर. पायाला तो कळत नाही. खुर्ची मात्र सगळा वेळ गटाराकडं ओढ घेते आणि ती सरळ ठेवायला खालच्या बाजूचा हात दुप्पट राबतो. किलोमीटरभरात खांदा बोलायला लागतो. जुन्या रस्त्याच्या कडेला हा आडवा उतार पाच-सहा टक्केही भरतो. तिथं खुर्ची मध्याजवळून न्यावी लागते, आणि मध्याजवळ म्हटलं की परत तो ट्रॉलीचा प्रश्न.

पाणंदीबद्दल: दाबून बसवलेला कोरडा मुरूम चालतो, डांबरापेक्षा मऊ जातो. सुटी खडी असेल तर तिथूनच मागं फिरा. पुढचं चाक नांगराच्या फाळासारखं रुततं. काळ्या मातीत ट्रॅक्टरची चाकोरी वाळून दगड झालेली असते, तीही नको. गावातले पेव्हर ब्लॉक दिसायला छान, पण पाठीच्या दुखण्याला वाईट. आणि पाणंदीच्या तोंडाशी वाहनं अडवायला दगड किंवा खांब रोवलेत का ते बघा. मोकळी जागा ९० सेंटीमीटर हवी. खुर्ची त्याहून अरुंद असते, पण चाकावर हात असतात ना.

गतिरोधक: नियमातला ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो, त्याच्यावरून खुर्ची जाते. गावकऱ्यांनी रातोरात घातलेल्या टेकाडावर जात नाही. कडेला फट सोडली असेल तर तेवढी नोंद करा.

स्वच्छतागृहाची सोय जिल्हा परिषदेच्या शाळेत मिळू शकते. बहुतेक शाळांत मतदान केंद्र असतं म्हणून रॅम्प असतो. रविवारी किल्ली कुणाकडं, हे आधी विचारा. दार मोजा, दाराबाहेर खुर्ची वळवायला दीड मीटर आहे का तेही मोजा.

शेवटचं, फळ्यावर लावायचं त्याबद्दल. "दिव्यांगांसाठी सोपा" किंवा "अवघड" असं काहीही लिहू नका. माझी तीनचाकी जिथून जाते तिथून दिरांची खुर्ची जाईलच असं नाही, आणि मावशींना या दोन्हींशी देणंघेणं नाही, त्यांना बसायला ओटे हवेत. जे आहे ते लिहा: कुठं किती कड, किती चढ, किती अंतरावर बसायला जागा. ठरवू दे ज्याचं त्याला. आणि तारीख घाला. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. पूर ओसरल्यावर हरिपूरच्या रस्त्यावर मी गेलो तर ओळखीची एकही जागा ओळखीची राहिली नव्हती. कुठं गाळ, कुठं डांबर सोलून निघालेलं. पावसाळ्याआधीचं टिपण पावसाळ्यानंतर कुणाला देऊ नये.

---

पांढरी काठी, कराड

काकांनी चाकांचं सगळं सांगितलंय. मी डोळ्यांचं सांगते. भाच्याचाच आजार मला आहे, आणि आता उरलंय ते नळीतून बघितल्यासारखं.

पहिली गोष्ट, आमचं भांडण कडेवरून आहे. काकांना कड नको, मला हवी. काठी कडेला लागून चालली की रस्ता कुठं संपतो ते हाताला कळतं. कड आणि डांबर एकाच पातळीला आणून मुरूम सपाट केला तर मी कधी शेतात गेले ते मला उसाची पानं तोंडावर आल्यावर समजणार. तेव्हा एकाच रस्त्याला तिघांसाठी एकच शेरा द्यायला जाऊ नका.

ताई, तपासायला जाल तेव्हा जमिनीकडं बघून झालं की मान वर करा. विजेच्या खांबाला जमिनीत तिरका ताण दिलेला असतो ना, ती तार सगळ्यात वाईट. काठी तिच्या खालून मोकळी निघून जाते आणि तार कपाळावर बसते. ताण कुठं कुठं रस्त्याच्या बाजूला आलाय ते लिहा आणि जमलं तर तिथं लाल कापड बांधून घ्या. बाभळीच्या खाली आलेल्या फांद्याही तशाच. डोक्यावर सात फूट मोकळं हवं.

भाच्याला विचारा, त्याला वडाच्या सावलीतून एकदम उन्हात आल्यावर किती वेळ काही दिसत नाही. माझं तर अर्धा मिनिट जातं. मोठ्या झाडांचा रस्ता सगळ्यांना आवडतो, मला तो उजेड-अंधार-उजेड असा त्रास देतो. दिवस मावळायला लागला की आमचं दुकान बंद, हे लक्षात ठेवून वेळ ठरवा. समोरून येणारं ऊन तर नकोच.

कानांचंही बघा. ट्रॅक्टरवर गाणी लावलेली असली की मागून दुचाकी येते ती कळत नाही. शांत रस्त्यावर मी निम्मी वाट कानांनी काढते.

गतिरोधक मात्र काढायला सांगू नका हं. ते माझे मैलाचे दगड आहेत. दुसरा गतिरोधक गेला की डावीकडं दूध डेअरी, असं पाठ असतं.

---

मेणवलीचाच

ताई, रस्त्याचं एवढं मनावर घेऊ नका, खरी मेख गावात आल्यावर हाय. वाड्याला जुने उंबरे, उंच. घाटाला तर पायऱ्याच पायऱ्या, त्याशिवाय घाट कसला. वसईहून आलेली ती मोठी घंटा बघायची तर खाली देवळापाशी उतरावं लागतंय. वरनं काठावरनं घाट दिसतो, नदी दिसती, पण घंटेला हात लावायचा तर पायऱ्या हायतच.

आमी चार पोरं उभी करतो. दाजींना खुर्चीसकट उचलून खाली आन वर. पालखीसारखं नेतो, काळजी नको.

आन अजून एक. वाईहून हिकडं यायच्याऐवजी मेणवलीहून वाईला चाला की. नदी हिकडनं तिकडं वाहती, रस्त्याचा उतारही एकंदर तसाच. येताना वडाप, जाताना चालत. सोयाबीन निघाल्यावर लोक रस्त्यावर वाळत घालत्यात, ते दिवस तेवढे सोडा. उसाचं तर आता एप्रिलपर्यंत चालूच राहणार. वाढ्याचे (उसाच्या शेंड्यांचे) भारे रस्त्याकडंला टाकलेले असत्यात, आन पाचट पडलं की दुचाकीसुद्धा घसरती.

---

तीनचाकी सांगलीकर

मेणवलीकर, उलटं चालायची सूचना एक नंबर. उचलून न्यायचं मात्र दाजींना विचारल्याशिवाय ठरवू नका. मला आयुष्यात पुष्कळ जणांनी न विचारता उचललंय. देवळांत तर फारच. त्यात देवदर्शन बाजूला राहतं आणि आपण सगळ्यांसमोर एक बोजा होऊन जातो. त्यांनी हो म्हटलं, तर खुर्ची फक्त मूळ सांगाड्याला धरा. हाताचे दांडे आणि पाय ठेवायच्या पट्ट्या निखळणाऱ्या असतात; तिथं धरून उचललं की ते हातात येतात आणि माणूस पायरीवर. एक जण मागं, तोच सांगणार आणि बाकीचे ऐकणार.

पायऱ्यांचं कायमचं काही करायचं असेल तर पुरातन घाटाला हात न लावता वर काठावरच नदी दिसेल अशी सपाट, कठडा असलेली जागा करता येते. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. त्यातून असं काम सुचवून बघा, अर्जाला तुमची मोजमापं जोडा. "सोय करा" या अर्जापेक्षा "इथं १४ सेंटीमीटरची कड आहे, फोटो सोबत" या अर्जाला उत्तर द्यायला कागद लागतो. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहेच. आणि सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत, सक्तीचे हवेत, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलंय. अर्जात एक ओळ तीही टाका. भांडायला नाही, वजनाला.

---

कृष्णाकाठची (वाई)

जाऊन आले. एकटी नाही, दिरांना घेऊनच गेले. ज्याची खुर्ची त्यालाच विचारावं म्हटलं. रिक्षात खुर्ची घडी करून ठेवली आणि जिथं शंका आली तिथं उतरलो.

पट्टी आणि पाणसळ शेजारच्या गवंडीदादांकडून आणली. त्यांना वाटलं घर बांधतोय.

चढ कुठंच अडला नाही. सगळ्यात उभ्या जागी फट ७ सेंटीमीटर निघाली, म्हणजे १२ ला १ च्या पुष्कळ आत. आडवा उतार मात्र काका म्हणाले तसाच. दिरांनी थोडं अंतर स्वतः खुर्ची चालवून बघितली आणि उजवा दंड चोळत म्हणाले, "हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मला वाटायचं माझाच हात कमजोर आहे."

खरी अडचण एका मोरीवर, म्हणजे रस्त्यातल्या छोट्या पुलावर. दोन्ही बाजूंना कठडा, रस्ता तेवढाच आवळलेला, आणि मोरीच्या दोन्ही अंगांना कड मोजली तर एका बाजूला ११, दुसऱ्या बाजूला १६ सेंटीमीटर. उतरायच्या दोन जागांमध्ये तिथंच सगळ्यात जास्त अंतर. आम्ही उभे होतो तेवढ्यात एक ट्रॉली आलीच. रिक्षावाल्यानं हात करून थांबवली, ती थांबली, पण दिरांचा चेहरा मी बघितला. तो तुकडा सगळ्यांनी मिळून काढायचा, पुढं-मागं दोघं लाल रुमाल घेऊन उभे राहायचे, असं ठरलं.

पाणंद सोडून दिली. तोंडाशी दोन दगड रोवलेत, मधलं अंतर ७४ सेंटीमीटर.

ताण देणाऱ्या तारा बघितल्या तेव्हा मीच चक्रावले. इतकी वर्षं त्याच रस्त्यानं जाते, एकही कधी दिसली नव्हती. दोन तर अगदी चालायच्या वाटेत आहेत. तिथं कापड बांधलंय.

मावशीसाठी ओटे, पार, थांबे सगळे टिपलेत. तिची मागणी एकच, बसायची जागा फार खाली नको, उठताना गुडघे ऐकत नाहीत. म्हणून ओट्यांची उंचीही मोजली. देवळाजवळचा ओटा सतरा इंच, तो तिला पसंत.

शाळेच्या स्वच्छतागृहाची किल्ली मिळेल, शब्द मिळालाय. दार पुरतं, पण बाहेर वळायला जागा कमी, खुर्ची उलटी आत न्यावी लागेल. दीर म्हणाले, चालेल.

आता अडलंय ते वेळेवर. मेणवलीहून वाईकडं सकाळी चालायचं तर तोंड पूर्वेला, ऊन थेट भाच्याच्या डोळ्यात. संध्याकाळी ऊन पाठीशी येतं, पण थंडीत सहाच्या सुमाराला दिवस मावळतो आणि मावशीच्या चालीनं दोन तास धरावेच लागतील. काय करावं?

---

पांढरी काठी, कराड

दुपारी तीनला मेणवली सोडा. सूर्य पाठीशी, पाचला वाईत, उजेड शिल्लक. भाच्याला पुढं छपरी असलेली टोपी द्या आणि वडाखाली शिरताना कुणीतरी नुसतं "सावली आली" म्हणा. हात धरू नका, तोच हवं तर तुमचा कोपर धरेल.

---

मेणवलीचाच

तीनला ऊन लागल न्हवं का. मग दुपारचं जेवण हिकडंच करा, आमच्याकडं. पोरं मोरीवर उभी करतो, लाल रुमाल घेऊन. दाजींना घंटेचं विचारलं का?

---

कृष्णाकाठची (वाई)

विचारलं. म्हणाले, वरूनच बघतो, पण बाकीच्यांनी खाली जाऊन वाजवली तर चालेल. वाजवायची परवानगी असते का ते तुम्हीच सांगा.

---

तीनचाकी सांगलीकर

खुर्चीच्या टायरमध्ये हवा भरायचा पंप आणि पंक्चरचं सामान बरोबर ठेवा. उसाच्या रस्त्यावर बाभळीचे काटे हमखास. आणि ताई, फळ्यावर लावायच्या कागदाचा फोटो इथं टाका, मला हरिपूरचा तसाच करायचाय. श्रावणी सोमवारी यात्रेच्या गर्दीत माझी तीनचाकी कुठवर जाते ते अजून कुणी लिहून ठेवलेलं नाही.